नळीत सैल पडणारी गोळी

मुठा, ता. मुळशी
६ जानेवारी २०२५

चि. जुईली हिस दयाकाकाचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अनोळखी अक्षर पाहून दचकली असशील. मी तुझ्या बापाचा, म्हणजे शैलेशचा, चुलत भाऊ दयानंद. तू सहा वर्षांची असताना आमच्या आंब्यावरून पडलीस, तेव्हा तुला कडेवर घेऊन एसटीनं पौडच्या दवाखान्यात नेणारा तो मीच. ओळख पटायला एवढं पुरे. शैलेशनं तुझा फोन नंबर दिलाय, पण अडतीस वर्षं मी या खोऱ्यात लोकांची पत्रं वाटली आणि मला स्वतःला कधी विजेच्या बिलाशिवाय काही आलं नाही. रिटायर झाल्यावर एवढा एक हट्ट ठेवलाय. शिवाय माझी अडचण कागदावर काढून दाखवल्याशिवाय कळायची नाही.

आपल्या घरात ठासणीची बंदूक आहे. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, आणि मग गजानं ठासायचं, अशी जुन्या तऱ्हेची. पिकाच्या राखणीसाठी आजोबांना तिचा परवाना मिळाला, पुढे आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावावर झाला, आता माझ्या. एरवी नुसत्या दारूचा आवाज काढून डुकरं हाकायची, एवढंच तिचं काम. गोळी फक्त वर्षातून एकदा उडते. चैत्र पौर्णिमेला वाघजाईच्या यात्रेत, मागे मातीचा उंच बांध धरून, चाळीस पावलांवर नारळ टांगतात. तो खालच्या आळीनं, म्हणजे आपण, गोळीनं फोडायचा आणि मग पालखी उठायची. गोळी लागोपाठ तीनदा चुकली तर मान वरच्या आळीकडे, म्हणजे बहिरूकडे जातो. मी २०२२ ला चुकलो, २०२३ ला चुकलो. गेल्या साली निवडणुकीमुळे बंदूक ठाण्यात जमा होती, म्हणून वाचलो. यंदाची तिसरी.

डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, पक्षी मोजा. तेव्हा दोष गोळीचा. आपली गोळी नळीत सोडली की बाटलीत वाटाणा पडावा तशी आपोआप तळाला जाते. आबांच्या वेळचा साचा झिजला असणार. तू इंजिनिअर आहेस, तुमच्या भागात लेथवाले पुष्कळ. नळीत चपखल बसेल अशा गोळीचा साचा करून मिळेल का? सोबत नळीच्या तोंडाला काजळी लावून उठवलेला शिक्का आहे. गोळी पाठवली नाही. ती टपालात घालायची नसते, हे मला कुणी शिकवायला नको.

तुझा,
दयाकाका


महाळुंगे
१५ जानेवारी २०२५

ती. दयाकाका,
तुम्हाला आणि रत्नाकाकूंना नमस्कार. तिळगूळ पत्रातूनच.

आंबा आठवतो, एसटी आठवते, आणि दवाखान्यातून आल्यावर थोरल्या आजींनी, म्हणजे तुमच्या आईंनी, दिलेल्या ओल्या खोबऱ्याच्या वड्या तर फारच आठवतात. यात्रेच्या आधी तुमच्याकडे यायचं ते त्या वड्यांसाठीच.

तुमचं पत्र मी कंपनीच्या गाडीत चारदा वाचलं. हिंजवडीच्या चौकात तेवढा वेळ मिळतो. माझं काम ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. इंजिनाचे दोन भाग जिथे जुळतात तिथून आतला गरम वायू बाहेर गळू नये, म्हणून मधे घालायच्या पट्ट्या आम्ही बनवतो. लोकांना वाटतं दोन लोखंडं घट्ट आवळली की झालं. तसं होत नाही. त्यामुळे तुमच्या सैल गोळीनं मला भलतंच पछाडलंय.

पण एक गोष्ट पटत नाही. साचा झिजला तर त्याचा खळगा मोठा होतो. गोळी मोठी निघायला हवी, लहान नाही. म्हणजे ती पहिल्यापासूनच लहान होती, किंबहुना थोडी आणखी लहान असेल. आणि चपखल गोळी मी करून देणार नाही. ती ठासताना अर्ध्यात अडकली आणि तशीच बार उडवला तर नळी फुटेल, काका.

मला दोन गोष्टी हव्यात. एका गोळीचं सोनाराच्या काट्यावर वजन, त्यावरून मी व्यास काढते. आणि बंदूक भरताना तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत काय काय करता ते सगळं. क्षुल्लक वाटलं तरी गाळू नका.

तुमची,
जुईली


मुठा
२७ जानेवारी २०२५

चि. जुईलीस आशीर्वाद.

साचा झिजल्यावर गोळी मोठी होते, हे वाचून मी साचा काढून उजेडात पुन्हा बघितला. सत्तरीला आलो आणि एवढं साधं सुचलं नाही. तुझी काकू म्हणाली, "कुणाची पोर हाय."

पौडच्या सोनारानं वजन केलं. चोवीस ग्रॅम आणि वर थोडं. तो विचारत होता, सोनं एवढं काळं कसं पडलं.

आता भरण्याची रीत. नळी कोरड्या फडक्यानं पुसायची. दारू मापानं घालायची, माप म्हणजे आबांचा शिंगाचा ठोकळा, तो बदललेला नाही. मग गोळीची पूजा. वाघजाईच्या उतरलेल्या साडीचा तुकडा पूजेच्या ताटात असतो, तो गोळीला गुंडाळून गोळी नळीच्या तोंडावर ठेवतो. हा देवधर्माचा भाग, तुझ्या कामाचा नाही, पण गाळू नको म्हणालीस म्हणून लिहिला. मग गजानं तळापर्यंत ठासायचं, गज थांबला की गजावरची खूण बघायची, मागे ठिणगीची टोपी चढवायची आणि नेम.

आबा वीसेक वर्षांत दोनदा चुकले असतील. ते २००८ ला गेले. पुढच्या वर्षापासून मी, आणि निवडणुकीची सालं सोडली तर अकरा वर्षांत एकदाच चुकलो. २०२० च्या फेब्रुवारीत आई गेली, मग दोन वर्षं करोनात यात्राच झाली नाही. त्यानंतर ही दशा. कधी वाटतं, आईबरोबर देवीचा कौलच गेला. वड्याही तिच्याबरोबरच गेल्या.

दयाकाका


महाळुंगे
५ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

हिशेब झाला. चोवीस ग्रॅमवर थोडं शिसं म्हणजे सोळा मिलिमीटरची गोळी. तुमच्या काजळीच्या शिक्क्याचा आतला व्यास सतरा. सगळीकडून अर्ध्या मिलिमीटरची फट. ही चूक म्हणून फार नेटकी आहे. ज्यानं साचा केला त्यानं ती जागा मुद्दाम सोडली असणार. फक्त का, ते कळत नाही.

फटीतून वायू पुढे निसटतो आणि गोळी नळीच्या भिंतींना आपटत जाते, मग बाहेर पडताना शेवटच्या धक्क्याची दिशा धरते. एवढं माझ्या धंद्यावरून सांगू शकते. म्हणून मी मधला मार्ग काढलाय. माझा मित्र निरंजन भोसरीत लेथवर काम करतो. त्यानं साडेसोळाचा आणि सोळा पूर्णांक आठचा असे दोन साचे केलेत. ते तुमच्याकडे येणाऱ्या दूधवाल्याबरोबर पाठवतेय. बांधासमोर फळी लावून दोन्ही गोळ्या आणि जुनी गोळी, प्रत्येकी पाच बार काढा आणि भोकं कुठे पडली ते कागदावर उतरवा. मोठी गोळी हातानं जात नसेल तर तिथेच थांबा, ठोकू नका.

इतक्या वर्षांत ऑफिसातला एकही प्रश्न मला जेवताना आठवला नव्हता. हा आठवतो.

जुईली


मुठा
२४ फेब्रुवारी २०२५

चि. जुईलीस आशीर्वाद.

तुझ्या साच्यांचा निकाल वाईट आहे. मोठी गोळी साडीच्या तुकड्यासकट नळीत जाईना. तू बजावलं होतंस म्हणून ठोकली नाही. तुकडा काढून टाकला तर गेली, पण तीन बारांनंतर नळीत काजळी धरली आणि तीही अडू लागली. साडेसोळाची जाते, पण पाचही भोकं परातीएवढ्या जागेत विखुरली. जुनी गोळी त्याहून वाईट. नारळ परातीएवढा असता तर प्रश्न नव्हता.

एक विचित्र गोष्ट मात्र सापडली. फळीच्या अलीकडे गवतात काळे टणक मणी पडले होते, काचेसारखे. दारूचा गाळ असा होत नाही. नळी पुसताना फडक्यालाही तसलंच चिकट काहीतरी लागलं. एक मणी आणि यंदाच्या साडीचा तुकडा सोबत पाठवतो, तुला अशा गोष्टींचा नाद आहे म्हणून.

बहिरू परवा येऊन बसला होता. म्हणाला, "दया, राग मानू नगंस. आमच्याकडं आलं तर आमी लग्नातलं फटाक्याचं मशीन आणू, आवाज तर आवाज, धूर तर धूर. नारळ हातानं फोडू." माणूस वाईट नाही. त्याचं बरोबरही असेल.

दयाकाका

(पाठीमागे, वेगळ्या अक्षरात)

जुईले, मी रत्नाकाकू लिवते. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडं दिलं म्हून जमलं. ह्यांना सांगू नगं.

गोळीचं माप बदलू नगा. गोळी बरोबर हाय. चिंधी चुकली हाय. सासूबाई आपल्या सुती लुगड्याची चिंधी कापायच्या, जाड सुताची, धुवून धुवून मऊ झालेली. दातात धरून बघायच्या. मग तुपात भिजवून गोळीला गुंडाळून ताटात ठेवायच्या. गडीमानसांना वाटायचं पूजा हाय. तवा देवीला बी सुती लुगडीच यायची. आता समद्या चकचकीत साड्या येत्यात. सासूबाई गेल्यावर पैल्या यात्रेला मी ह्यांना सांगाया गेले तर म्हनले, बंदुकीत बायकांनी डोकं घालू नये. म्हून मी गप बसले.

दुकानातलं सुती आणून बघितलं. पातळ हाय आन् खळ हाय त्याला. सासूबाईंची लुगडी समदी गोधड्यांत गेली, आन् गोधड्या लेकीबाळींकडं. एक तुज्या बारशाची हाय.

आनखी एक. ह्यांनी मान सोडल्याचा कागद लिवून परवान्याच्या पिशवीत ठेवलाय. यात्रेच्या आदी बहिरूभावजींना देनार हायेत. तीनदा चुकून सोडण्यापरीस आदीच सोडावा म्हनत्यात. झोपेत सुदिक नारळ नारळ करत्यात. काय करायचं ते बिगीनं कर.


महाळुंगे
४ मार्च २०२५

ती. दयाकाका,

आधी तुमच्या मण्याविषयी. तुमच्या साडीच्या तुकड्याचं टोक मी गॅसवर धरलं. ते जळलं नाही, वितळलं, आणि थेंब होऊन गार झाल्यावर अगदी तुमच्या मण्यासारखा मणी झाला. ही साडी प्लास्टिकच्या धाग्याची आहे. बार उडताच ती वितळते, म्हणजे ज्या क्षणी गोळीला तिची गरज असते त्याच क्षणी ती नसते.

काका, मी तुमचं २७ जानेवारीचं पत्र पुन्हा काढून वाचलं. "देवधर्माचा भाग, तुझ्या कामाचा नाही," असं तुम्ही लिहिलंत आणि मी ऐकलं. रोज आठ तास मी दोन लोखंडांच्या मधे काय घालावं याच्यावर डोकं चालवते, आणि तुम्ही मधे काय घालता ते लिहून पाठवलं तर ओळ ओलांडून पुढे गेले. माझीच मला लाज वाटली. अर्धा मिलिमीटर कापडासाठी सोडलेला आहे. कापड फट बुजवतं, वायू अडवतं, गोळीला नळीच्या मधोमध धरतं आणि बाहेर पडल्यावर गळून जातं.

कापडाची जाडी कळावी म्हणून मी बाजारातले सात प्रकार मोजले. बहुतेक पाव मिलिमीटरच्या आसपास. घडी घातली तर चुण्या पडतात. मग माझ्या बारशाची गोधडी काढली. ती थोरल्या आजींनी शिवली होती हे तुम्हाला माहीत असेलच. या चौदाव्या मजल्यावर एसी लावून मी अजून तीच पांघरते. आतल्या थराचा दोरा उसवला. खाली हिरवं, भरड सुताचं लुगडं निघालं. पाच ठिकाणी मोजलं. शून्य पूर्णांक शेहेचाळीस ते अठ्ठेचाळीस. तुपानं फुगलं की अर्धा.

कात्री लावताना हात थांबला, खोटं कशाला सांगू. पण लावली. सोबत बारा गोल तुकडे आहेत. नऊ फळीवर वापरा, तीन यात्रेला ठेवा. गोळी जुन्याच साच्याची. निरंजनचे साचे कपाटात टाका.

चिंधी कशी भिजवायची, किती पिळायची, सुताची उभी दिशा कुठे धरायची, हे मला माहीत नाही. ते रत्नाकाकूंना विचारा. मी असं म्हणते म्हणून नाही, खरंच विचारा. आणि त्यांनी उत्तर दिलं की मधे बोलू नका.

यात्रेला मला यायचं होतं, पण त्याच तीन दिवसांत चेन्नईच्या कारखान्यात तपासणी आहे. परवान्याच्या पिशवीत जे काही ठेवलं असेल ते तूर्त तिथेच राहू द्या.

जुईली


मुठा
१४ एप्रिल २०२५

चि. जुईली हिस अनेक आशीर्वाद.

तू मुद्दाम फोन केला नाहीस, निकाल पत्रानंच कळवायचा होता, हे मला कळलं. म्हणून आधी निकाल सांगतो. नारळ फुटला. मधोमध लागली आणि पाणी खाली उभ्या असलेल्या पुजाऱ्याच्या फेट्यावर उडालं. पालखी उठली तेव्हा मी बंदूक खाली टेकवून तसाच उभा होतो.

आता मागचं सांगतो. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी ते खिशात घेऊन हिंडलो. पिशवीतल्या कागदाचं तुला कसं कळलं हेही कळलं. अडतीस वर्षं लोकांची पाकिटं मी डोळ्यांत तेल घालून जपली आणि माझंच पाकीट घरात फुटलं. रागावणार होतो. पण तू "खरंच विचारा" लिहिलं होतंस. तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापत होती, मी जाऊन पाटावर बसलो आणि विचारलं, चिंधी कशी भिजवायची. तिनं परातीतून मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "आधी हात धुवा."

तूप कोमट हवं, गरम नको. चिंधी दोन बोटांत ओढून निथळायची, पिळायची नाही. सुताची दिशा नेमाशी सरळ ठेवायची. गोळीवर दोरा निघालेली बाजू खालून ओढून घ्यायची. हे सगळं आईच्या आणि तिच्या हातात होतं, मला फक्त तयार ताट दिसायचं. फळीवर नऊ बार काढले. आठ भोकं माझ्या तळहाताखाली झाकली. नववा माझ्या हुरळण्यामुळे गेला.

यात्रेच्या दिवशी नारळ फुटल्यावर बहिरूनं माइक धरला आणि म्हणाला, "हिंजवडीच्या पोरीनं नवी गोळी करून दिली, तिच्या नावानं चांगभलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. तुझंही नाव झालं होतं. पण मी माइक घेतला. म्हणालो, गोळी जुनीच, आबांच्या साच्याची. आजवर जे नारळ फुटले ते आईच्या चिंधीनं फुटले आणि हा रत्नानं भिजवलेल्या चिंधीनं. मानाचं अर्धं खोबरं घराकडे येतं, ते आजवर पुरुषानं झेलायचं अशी रीत. मी म्हटलं, ते तिच्या ओटीत घाला. वरच्या आळीत जरा कुजबूज झाली. बहिरू म्हणाला, "घाला की, मान खालच्याच आळीत ऱ्हातोय." काकूनं पदर पुढे केला, पण चेहऱ्यावर रेघ हलली नाही. पिशवीतला कागद मी त्याच संध्याकाळी चुलीत घातला.

गळून पडलेली चिंधी गवतात शोधून काढली. मधे करपली आहे, कडेला हिरवी आहे. ती सोबत पाठवतो. गोधडीत जिथून काढलीस तिथे लाव.

आता शेवटचं. काल ओट्यावर बसलो असताना मला वाटलं, एकदा विचारायला लागलोच आहे तर आणखी विचारावं. म्हटलं, रत्ना, लुगडं बदललं की चिंधी बदलते. नवीन चिंधी बरोबर आहे का नाही हे तुम्हा दोघींना यात्रेच्या आधी कळायचं कसं?

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "उडवून बघायचो."

मी म्हटलं, कोण?

"कोन म्हंजे? आदी सासूबाई, मागनं मी. तुमी डाक घेऊन पल्याडच्या वाडीला गेला की. बांधाला नारळ टांगायचा. मामंजी हुते तवर ते बसून बगायचे, मग आमी दोगीच. आवाज झाला की गाव म्हनायचं, डुकरं हाकल्यात."

परवाना माझ्या नावावर, जुईली. मी विचारलं, मग आई गेल्यावर का थांबलीस?

"दोन वर्षं यात्राच न्हवती. आन् मग तुमी रिटायर झाला. दिसभर घरात. कवा उडवायची?"

२०२२ च्या मार्चमध्ये मी रिटायर झालो. पहिला नारळ एप्रिलमध्ये चुकलो. हा हिशेब मी तीन वर्षं करू शकलो असतो.

मग विचारलं, आणि तुझा नेम? लागायचा?

तिनं सूप आपटून खडे बाजूला केले. म्हणाली, "मंग चैतात एवढ्या वड्या कशाच्या खायचा?"

पुढच्या चैत्रात रजा टाक आणि ये. वड्या असतील.

तुझा,
दयाकाका